‘माझं काय लिहायचं?’ म्हणणाऱ्या वडिलांकडून आठवणी काढायच्या कशा

प्रश्न थोडक्यात असा आहे: वडील ७९ वर्षांचे. मूळ गाव संगमेश्वर तालुक्यात. १९६४ मध्ये लालबागच्या एका गिरणीत बदली म्हणून (कोणी गैरहजर असेल तरच काम मिळणारा कामगार) लागले, पुढे लूमखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या मागांवर, कायम झाले, १९८२ च्या संपात नोकरी गेली. नंतर वॉचमनची कामं केली आणि त्याच काळात गावाच्या मुंबई मंडळाचे (मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांची संघटना) चिटणीस म्हणून शाळेची खोली आणि नळपाणी योजना उभी केली. आता गावी असतात. सहस्रचंद्रदर्शनाला घरच्यांना त्यांच्या आठवणींचं छोटं पुस्तक काढायचंय. मुलाने फोनवर २ तास रेकॉर्डिंग केलं, पण हाती पदांची आणि सालांची यादीच लागली. वडील म्हणतात, ‘त्यात काय सांगायचं, सगळ्यांनी केलं तेच केलं.’

तुम्ही विचारलंय की त्यांना बोलतं कसं करायचं. मला वाटतं, ते बोलतायत. तुम्ही त्यांच्याकडे सारांश मागितलात आणि त्यांनी सारांश दिला. ‘गिरणीतले दिवस कसे होते?’ याचं उत्तर ‘कष्टाचे होते’ यापलीकडे कोणीच देणार नाही. ज्याने ४० वर्षं मंडळाचे अहवाल लिहिले, त्या माणसाची स्मरणशक्ती तर अहवालाच्याच भाषेत चालते: अमुक साली अमुक काम मार्गी लागलं, सर्वांचे सहकार्य लाभले. त्यांना आयुष्य विचारू नका. काम विचारा, जागा विचारा, वस्तू विचारा. आयुष्य त्यातून आपोआप बाहेर येतं.

आधी परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगतो. लूमखात्यात वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाला बहुधा कमी ऐकू येतं, आणि घरच्यांना ते धड कळलेलं नसतं. सततच्या आवाजाने आधी उंच पट्टीचं ऐकणं जातं, त्यामुळे स, श, त, थ अशी व्यंजनं पुसट होतात. बोलणं ऐकू येतं पण शब्द लागत नाहीत. मग माणूस अंदाजाने उत्तर देतो किंवा ‘हो हो’ म्हणून विषय संपवतो. तेव्हा ओरडू नका. समोर उजेडात बसा, तोंड दिसू द्या, आवाज खालच्या पट्टीत आणि सावकाश ठेवा. कानाचं यंत्र असेल तर बॅटरी आधी तपासा. नुसत्या एवढ्याने बैठक सुधारल्याचं पुष्कळदा दिसतं. विस्मरण सुरू झालं असेल तर मात्र खालची वेळापत्रकं विसरा. १५-२० मिनिटं, समोर एक फोटो, आणि साल अजिबात विचारायचं नाही.

प्रकृती बरी असेल तर एका बैठकीला ४५ मिनिटं धरा, फार तर एक तास. सकाळी न्याहारी-औषधं झाल्यावर किंवा दुपारच्या चहानंतर. आठवड्याला एक, फार तर दोन. मधल्या दिवसांत त्यांना आपणहून काही आठवत राहतं, आणि ते पहिल्या बैठकीपेक्षा मोलाचं असतं. उशाशी एक वही ठेवा. त्यात दोन शब्द लिहिले तरी पुरे.

रेकॉर्डिंग फोनवरच करा, पण फोन विमान मोडवर टाकून. ऐन रंगात आलेलं बोलणं एका फोनकॉलने तुटतं आणि काही फोनमध्ये फाइलही तिथेच बंद होते. फोन त्यांच्यापासून हातभर अंतरावर, दुमडलेल्या टॉवेलवर ठेवा. टेबलावर थेट ठेवला की पेल्याचा प्रत्येक ठोका ऐकू येतो. पंखा बंद, कुकर बंद. पावसाळ्यात पत्र्याच्या पडवीत बसूच नका. सुरुवातीला दोन मिनिटं रेकॉर्ड करून लगेच ऐका. फाइलला त्याच दिवशी नाव द्या (तारीख, बैठक क्रमांक, विषय) आणि दोन ठिकाणी कॉपी ठेवा, त्यातली एक घराबाहेरच्या कोणाकडे.

समोर एकाच माणसाने बसायचं. सगळं घर गोळा झालं की वडील भाषण करतात. थोरला मुलगा समोर असला तर हिशेब दिल्यासारखं बोलतात. सून किंवा नातवंड विचारायला बसलं तर उलट बरं जमतं, कारण त्यांना ठाऊक नसणं स्वाभाविक आहे आणि समजावून सांगायला त्यांना आवडतं. आई स्वयंपाकघरातून ‘तसं नव्हतं ते’ म्हणाल्या तर वाद मिटवू नका, नोंद करा आणि त्यांची बैठक वेगळी घ्या. त्यावर पुढे येतो.

आता प्रश्न. पहिल्या बैठकीआधी घरातले कागद काढा. गिरणीवाल्यांच्या घरात एक फाइल जवळजवळ हमखास सापडते, ती म्हणजे गिरणी कामगारांच्या घरांसाठी केलेल्या अर्जाची. त्या योजनेत १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर हजेरीपटावर असल्याचा पुरावा लागायचा, म्हणून लोकांनी मिळेल तो कागद जपला: बदली कार्ड, तिकीट नंबर, ईएसआयचं (कामगार विमा योजनेचं) कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाच्या स्लिपा, पगाराची चिठ्ठी. तो गठ्ठा समोर ठेवा आणि एकेक कागद हातात द्या. ‘तुम्ही बदली होतात म्हणजे काय?’ यापेक्षा ‘हे कार्ड घेऊन सकाळी कुठे उभे राहायचात? किती जण असायचे? नाव कोण पुकारायचं? काम नाही मिळालं तर त्या दिवशी कुठे जायचात?’ हे विचारा. बदली कामगाराला कोणाचा खाडा पडला तरच काम. त्यामुळे त्या रिकाम्या दिवसांत माणूस काय करायचा, उधारी कोणाकडे होती, गावी काय कळवायचा, इथेच खरी गोष्ट असते.

खात्यातलं काम हातांनी करून दाखवायला सांगा. किती माग सांभाळायचे, ताण्याचा (उभा) धागा तुटला की कसा सांधायचा, धोटा (आडवा धागा नेणारी नळी) उडाला तर काय व्हायचं. सूत तुटू नये म्हणून लूमखात्यात हवा मुद्दाम दमट ठेवत. त्यातून बाहेर रस्त्यावर आल्यावर अंगाला कसं वाटायचं हे विचारा. त्या खडखडाटात एकमेकांशी बोलायचे कसे, हेही विचारा. हात हलू लागले की शब्द मागून येतात. शक्य असेल तर हा भाग व्हिडिओवर घ्या, कागदावर तो निम्माच उतरतो.

तसंच जागेचं. राहिलेल्या प्रत्येक खोलीचा नकाशा त्यांच्याकडून कागदावर काढून घ्या. गावकीची (गावच्या माणसांनी मिळून ठेवलेली) खोली असेल तर कोणाची ट्रंक कुठे, कोणत्या पाळीतला माणूस कधी झोपायचा, नळ किती वाजता, खानावळ कोणाकडे आणि महिन्याला किती, सणाला ताटात काय वेगळं. नकाशात माणसांची नावं लिहिली जातात आणि एकेका नावामागे एकेक प्रसंग निघतो. एका खोलीला अख्खी बैठक गेली तरी जाऊ द्या.

साल विचारायची सवय मोडा. माणसाला साल आठवत नाही, आधी-नंतर आठवतं. त्यासाठी ठरलेल्या खुंट्या जवळ ठेवा: नवे पैसे आले १ एप्रिल १९५७ ला, महाराष्ट्र राज्य १ मे १९६० ला, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, मुंबईत टीव्ही २ ऑक्टोबर १९७२ ला, रेशनवर मिलो (आयात केलेली लाल ज्वारी) खाल्ला तो १९७२ च्या दुष्काळाच्या आसपास, दहावीची पहिली एसएससी १९७५ ला, कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली २६ जानेवारी १९९८ ला, आणि २६ जुलै २००५ चा पाऊस. ‘लग्न भूकंपाआधी की नंतर?’ याला चटकन उत्तर येतं. मुलांचे जन्म, शिमगा आणि गणपती याही खुंट्याच. ‘शिमग्याला गेलो तो परत आलोच नाही’ असं म्हणाले तर महिना मिळाला. साल मुलांच्या इयत्तेवरून काढा. एका मोठ्या कागदावर साल, काम, घर, गाव असे चार रकाने आखा. कागदावरून पक्कं झालेलं निळ्या शाईने, नुसत्या आठवणीतलं पेन्सिलीने. पेन्सिल राहिली तरी बिघडत नाही, फक्त पुस्तकात तिथे ‘त्या सुमारास’ म्हणायचं.

जन्मतारीख मात्र आत्ताच तपासा. त्या पिढीतल्या पुष्कळांच्या दाखल्यावर १ जून असतं, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी वय अंदाजाने धरून तीच तारीख टाकलेली असते. तुमच्या वडिलांचीही तीच असेल तर तहसील कार्यालयातली जुनी जन्म-मृत्यूची नोंद, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, ती मिळते का पाहा. सोहळ्याचा हिशेब त्यावर आहे. एक पौर्णिमा ते दुसरी पौर्णिमा सरासरी २९.५३ दिवस, म्हणजे १००० पौर्णिमांना २९,५३० दिवस, साधारण ८० वर्षं १० महिने. भटजी थोडं पुढेमागे धरतात, पण मुळातली तारीखच वर्षभराने चुकीची असेल तर तुमचं छपाईचं वेळापत्रकही चुकेल.

संपाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण घरचे लोक इथेच घोळ घालतात. संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, डॉ. दत्ता सामंत नेते, अडीच लाखांच्या आसपास कामगार. हे सगळं कुठेही वाचायला मिळतं, त्यासाठी वडिलांची गरज नाही. पुस्तकात चार पानं संपाचा इतिहास उतरवून काढायचा आणि वडिलांवर एक परिच्छेद, ही नेहमीची चूक. संप अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही. त्यामुळे प्रत्येक कामगाराचा संप वेगवेगळ्या दिवशी संपला. तोच प्रश्न विचारा: ‘तुमचा संप कधी संपला?’ कोणी ८-१० महिन्यांनी परत गेला आणि त्याला घेतलं नाही, कोणी गुपचूप कामावर गेला आणि चाळीत तोंड लपवून राहिला, कोणी दुसरी नोकरी धरली त्या दिवशी मनातून संप सोडला. गावी अन्नधान्य होतं म्हणून कोकणातले बरेच जण गावी निघून गेले. तुमचे वडील गेले का, किती महिने, शेतात हात पुन्हा बसला का? घरातलं काय विकलं, काय गहाण पडलं, मुलांची शाळा कोणती सुटली? कोणाकडून पैसे घेतले आणि फेडायला किती वर्षं लागली? आकडा सांगत असतील तर आकडा घ्या. पगार, भाडं, रेशन आणि कर्ज हे आकडे पुस्तकातल्या कुठल्याही विशेषणापेक्षा जास्त बोलतात.

यात एक सावधगिरी. जड विषय बैठकीच्या मध्यावर यावा, शेवटी नाही. त्यांचा आवाज भरून आला तर रेकॉर्डिंग चालू ठेवून गप्प बसा, सांत्वन करायची घाई नको. शेवटची दहा मिनिटं हलक्या विषयावर आणा: भजनी मंडळ, क्रिकेटचे सामने, खानावळीतलं मासे-भात. आणि तोच दुखरा प्रश्न त्याच दिवशी दुसऱ्यांदा विचारू नका.

समाजकार्याचा भाग सगळ्यात कंटाळवाणा होतो, आणि तसा होण्याचं कारण नसतं. ‘गावात नळपाणी योजना आणली’ हे वाक्य फलकावर शोभतं. त्यामागची कामं विचारा. झरा कोणता, पाइप किती इंची, कोणाकोणाच्या जमिनीतून गेला, कोण अडून बसला, त्याला कोणी आणि काय सांगून वळवलं. वर्गणी खोलीमागे किती ठरली, पगाराच्या कोणत्या दिवशी गोळा करायला निघायचे, किती जणांनी दार उघडलं नाही. अर्ज कोण लिहायचं, जिल्हा परिषदेत किती खेपा झाल्या, खेपेचं भाडं मंडळ द्यायचं की खिशातून. आणि काय फसलं, हे जरूर. कोरडी गेलेली विहीर किंवा पहिल्याच पावसात वाहून गेलेला बंधारा सांगताना हे लोक विलक्षण बारकाईने बोलतात, कारण त्यावर अनेक रात्री वाद झालेले असतात.

इथे कागद भरपूर असतात. मंडळाचं इतिवृत्ताचं रजिस्टर, पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती, सर्वसाधारण सभेत वाचलेला जमाखर्च, निमंत्रणपत्रिका. रजिस्टर घरी आणू नका. ते मंडळाचं आहे, हरवलं तर तुमच्या पुस्तकाचं निमित्त होईल. दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी ठेवून पानांचे फोटो काढा, वरून सरळ, फ्लॅश न टाकता. वडिलांच्या हस्ताक्षरातलं एक पान पुस्तकात छापा. इतिवृत्त आणि आठवण जुळत नाहीत असं होणारच. इतिवृत्तात ‘ठराव सर्वानुमते मंजूर’ लिहिलेलं असतं आणि वडील सांगतात, मारामारी व्हायची बाकी होती. दोन्ही ठेवा.

जपायचं ते एवढंच: शाळेची जमीन कोणी दिली, बक्षीसपत्र झालं की तोंडी दिली, पैशाचा घोटाळा कोणाच्या काळात, हे विषय आले की वडिलांना मोकळं बोलू द्या, पण छापण्याआधी सातबारा आणि फेरफाराची नोंद पाहिल्याशिवाय एक ओळ जाऊ देऊ नका. गावात अशा एका वाक्यावरून पुढची २० वर्षं दोन घरं बोलत नाहीत. मजकुराचे तीन ढीग करा: छापायचं, घरच्यांपुरतं ठेवायचं, आणि वडील हयात असेपर्यंत कोणालाही न ऐकवायचं. तिसऱ्या ढिगाच्या रेकॉर्डिंगवर तसं लिहून ठेवा आणि कोणाच्या ताब्यात राहील ते वडिलांनाच ठरवू द्या.

आता आई. मंडळाची सभा रविवारी असायची, म्हणजे आठवड्याची एकुलती सुट्टी त्यात जायची. तो रविवार घरी कोणी ओढला, हे त्यांनाच विचारावं लागेल. आई गावी आणि वडील मुंबईत अशी वर्षं असतील तर संसाराची ती बाजू वडिलांना मुळात माहीतच नाही. मनीऑर्डर महिन्याच्या कितव्या दिवशी यायची, किती रुपयांची, आली नाही तेव्हा दुकानदाराला काय सांगायच्या, खालच्या चिठोऱ्यावर वडील काय लिहायचे, पत्र कोण वाचून दाखवायचं. जुनी पोस्टकार्डं, आंतरदेशीय पत्रं सापडली तर टपालाचा शिक्का हा तारखेचा उत्तम पुरावा, पेन्सिलीचं पुष्कळसं निळं होऊन जाईल. आईचं प्रकरण त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच नावाने छापा. ‘सौ.ची मोलाची साथ लाभली’ या एका ओळीत त्यांना गुंडाळलेली पुस्तकं खंडीभर आहेत.

लिहून काढण्याचा अंदाज देतो. १२-१४ बैठकांत साधारण १० तास जमतील. सावकाश बोलणाऱ्या माणसाचे तासाला ५,००० शब्द धरले तर ५०,००० झाले. एक तास हाताने उतरवायला ६ तास लागतात. बोलणं आपोआप उतरवणारी साधनं वापरा, पण संगमेश्वरी बोलीवर आणि गिरणीच्या शब्दांवर ती अडखळतात, तेव्हा कानाने पुन्हा तपासणं सुटत नाही. पुनरुक्ती काढली, क्रम लावला की २५,००० शब्द उरतात. डेमी आकाराच्या पानावर ठसठशीत अक्षरात २८० शब्द बसतात, म्हणजे ९० पानं. १६ पानांचा एक फर्मा (छपाईचा ताव), सहा फर्मे, ९६ पानं. फोटोंना आर्ट पेपरची ८ पानं वेगळी. आठवणींच्या पुस्तकाला यापेक्षा जाडी नको.

भाषा त्यांचीच ठेवा. ‘माझे बालपण अत्यंत हलाखीत गेले’ असं तुम्ही लिहिलंत की ते कोणाचंही बालपण होतं. ते ‘पेज असायची, भात सणाला’ असं म्हणाले असतील तर तेवढंच छापा. त्यांचं ‘मी’ ठेवा, ‘त्यांनी’ करू नका. संवाद बोलीत, निवेदन साध्या बोलीभाषेत. प्रत्येक प्रकरण झालं की त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. नियम एकच: ते म्हणतील ते काढायचं, पण नवीन विशेषण किंवा आभार घालायचे नाहीत. आभारांसाठी शेवटी एक पान देऊन टाका, नाहीतर ते प्रत्येक पानात शिरतात. पुढाऱ्यांचे शुभेच्छा संदेश घ्यायचेच असतील तर दोन पानांत उरका. चाळीतल्या एखाद्या जुन्या सोबत्याने दिलेली दीड पानाची आठवण त्या सगळ्यांहून सरस असते, आणि हे सोबतीही याच वयाचे आहेत, म्हणून त्यांचं रेकॉर्डिंग वडिलांच्याही आधी करा.

छपाईचं पटकन सांगतो. ३०० च्या आत प्रती असतील तर डिजिटल छपाई बरी, त्यापुढे ऑफसेटचा दर पाहा. आतला कागद ७० जीएसएम मॅपलिथो. वाचणारे बहुतेक साठीपुढचे असणार, अक्षर १४ पॉइंट ठेवा, दोन फर्मे वाढले तरी चालेल. फोटो ३०० डीपीआयवर स्कॅन करा, पासपोर्ट आकाराचे ६०० वर. व्हॉट्सअ‍ॅपवरून मागवलेला फोटो छापायला देऊ नका, पाठवताना तो दाबला जातो. मजकूर युनिकोडमधून छापखान्याच्या फॉन्टमध्ये गेला की रफार आणि ‘ऱ्य’सारखी जोडाक्षरं बिघडतात, म्हणून शेवटचं मुद्रित कागदावर काढून दोघांनी वाचा. नावं आणि आडनावं तिसऱ्याने वेगळी तपासावीत, गावात चुकीचं छापलेलं नाव कोणी विसरत नाही. खासगी वाटपासाठी आयएसबीएन लागत नाही. छापखान्याला सोहळ्याआधी दीड महिना तरी हाती द्या.

तुमच्याकडे दीड वर्षाच्या आसपास वेळ आहे, पुरेसा आहे. पण दोन तास वाया गेले असं समजू नका. त्यातली पदांची यादी तशीच ठेवा, रकाने आखायला तीच लागेल. येत्या रविवारी बदली कार्ड त्यांच्या हातात द्या, पहिल्या दिवशी गेटवर कोणाबरोबर गेला होतात ते विचारा, आणि त्या माणसाचं नाव आलं की पुढचा अर्धा तास मध्ये बोलू नका.